जुन्या श्रेडरची पाती : धार लावा, पण तराजू हाती घेऊन

(परभणी जिल्हा बैठकीत एका शेतकरी कार्यकर्त्याने केलेले भाषण. ज्यांना बैठकीला येता आले नाही त्यांच्यासाठी येथे छापत आहोत.)



सकाळपासून भावाची चर्चा झाली, कर्जाची झाली, विजेची झाली. मला शेवटची वीस मिनिटे मिळाली आहेत आणि विषय मिळाला आहे लोखंडाचा. मागच्या रांगेतले काही जण हसताहेत. पात्याला धार लावायची, त्यात भाषण कशाला? आपल्या आज्याला विळा पाजवायला कुणी भाषण करून शिकवले नव्हते.

खरे आहे. पण आज्याच्या विळ्याला हाताचा वेग होता. विळा बोथट झाला तर फार तर दिवसाची दोन काकरे कमी कापून व्हायची. आपण आता जे यंत्र ट्रॅक्टरमागे लावतो आहोत त्याचे पाते मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेरे घेते. त्याला चुकीची धार लावली तर यंत्र जाते, आणि कधी कधी माणूस जातो. म्हणून हे भाषण.

हे यंत्र आपल्याला कशाला लागते?

यंत्राला कुणी श्रेडर म्हणते, कुणी मल्चर, कुणी पऱ्हाटी-कुट्टी. आत एक आडवा रोटर असतो आणि त्यावर पिनांत अडकवलेली झुलती पाती. काही यंत्रांत इंग्रजी वाय अक्षरासारखी दोन फाट्यांची पाती असतात, काहींत जाड हातोडीसारखी. उभी पऱ्हाटी त्याखाली जाते आणि मागून तुकडे होऊन पडते.

हौस म्हणून हे यंत्र कुणी घेत नाही. २००२ साली बीटी कापूस आला, २००६ साली दोन जनुकांचा आला, आणि काही वर्षे बोंडअळीचा विसर पडला. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने तो विसर मोडला. त्या हंगामात आपल्यापैकी किती जणांनी उभ्या पिकात नांगर घातला, ते हात वर करायला लावून विचारत नाही. ही अळी हंगामाच्या शेवटी न उमललेल्या कवडी बोंडांत, सरकीत, जमिनीच्या भेगांत झोपी जाते आणि पावसाळा लागला की पतंग होऊन बाहेर येते. म्हणजे जानेवारीत बांधावर रचलेली पऱ्हाटी ही आपण पुढच्या वर्षासाठी जपून ठेवलेली अळीच असते. फरदड घेऊ नका, हंगाम वेळेत मोडा, पऱ्हाटीची विल्हेवाट लावा, हे परभणीचे कृषी विद्यापीठही सांगते आणि आपला अनुभवही.

विल्हेवाट लावायची कशी? चिमट्याने उपटायची तर मजूर मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही. जाळायची तर हेक्टरी दोन-तीन टन काडी, कोरडवाहूत त्याहून कमी का असेना, धुरात जाते. ज्या जमिनीतून आपण वर्षानुवर्षे नेतच आलो तिला परत द्यायला दुसरे आहे काय? शेणखत तर गोठ्यातल्या बैलाबरोबरच गेले. म्हणून श्रेडर.

नवे यंत्र घेण्याची ऐपत किती जणांची? सरकारी अनुदान मिळते ते नव्या यंत्राला. ज्याला नवे घेता येत नाही तो जुने घेतो, आणि जुन्याला अनुदान नाही. म्हणजे ज्याला गरज जास्त त्याच्या वाट्याला मदत कमी. हे आपल्याला नवीन नाही. पण एकदा जुने यंत्र घ्यायचे ठरले की त्याचे आयुष्य आपल्या हातात असते, आणि त्यातला मोठा वाटा पात्यांचा असतो.

घेताना काय बघाल?

रंग बघू नका. रंग विकणाऱ्याने कालच मारलेला असतो. यंत्र उलटे करून किंवा लाकडी ठोकळ्यांवर चढवून खालून बघा. रोटरवर पाती अडकवायचे जे कान असतात ते सगळे मोजा. किती कानांत पाती आहेत, किती रिकामे, कितींवर पुन्हा वेल्डिंग केलेले आहे? रोटरखाली पहार घालून हलके उचला. टोकाला खडखड झाली तर बेअरिंग गेले आहे. रोटर हाताने फिरवा आणि एका खुणेसमोरून तो सरळ जातो की लचकतो ते बघा. गिअरबॉक्सचे तेल बोटावर घेऊन बघा, चमचमता चुरा दिसला तर दात झिजताहेत. पाती बोथट असतील तर घाबरू नका, ती दुरुस्त होतात. रोटर वाकलेला असेल तर मात्र त्या बाजाराच्या फंदात पडू नका.

खोलण्याआधी

हात जोडून सांगतो. ट्रॅक्टर बंद. किल्ली काढून स्वतःच्या खिशात, ड्रायव्हरच्या नव्हे. पीटीओचा दांडा काढून बाजूला. यंत्र नुसत्या हायड्रॉलिकवर उचलून खाली कुणी शिरायचे नाही. एक पाइप फुटला की ते खाली येते. दोन्ही बाजूंना बाभळीचे जाड ठोकळे द्या. अंगावर लोंबते उपरणे नको, डोळ्यांवर चष्मा हवा, ग्राइंडरचा गार्ड काढायचा नाही.

पिना गंजून बसलेल्या असतात. रात्रभर डिझेलचा बोळा लावून ठेवा, सकाळी सुटतात. घणाने ठोकत बसू नका, कान वाकतो. काढण्यापूर्वी प्रत्येक कानाजवळ ऑइलपेंटने आकडा घाला आणि तोच आकडा त्याच्या पात्यावर. हे पाच मिनिटांचे काम केले नाही तर पुढचे सगळे काम अंदाजाचे होते.

तीन ढीग

पाती तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करा आणि तीन ढीग लावा. पहिला ढीग : नुसती बोथट झालेली. दुसरा : थोडा खांडा पडलेली, पण अंग शाबूत. तिसरा : भंगार.

भंगारात काय जाईल? ज्याचे भोक गोल न राहता अंडाकृती झाले आहे ते. जे वाकले आहे ते. ज्याचे टोक शेजारच्या पात्यांपेक्षा बोटभर झिजून गेले आहे ते. आणि ज्याला तडा आहे ते, मग तो केसाएवढा का असेना.

तडा ओळखायचा कसा? आपल्या मायबहिणी मडके घेताना काय करतात? टिचकी मारून वाजवून बघतात. पाते दोरीला टांगून छोट्या हातोडीने वाजवा. चांगले खणखणते, तडकलेले भद्द वाजते. शंका राहिली तर दुसरी परीक्षा करा : पाते डिझेलमध्ये बुडवून काढा, फडक्याने कोरडे पुसा आणि वरून खडूची पूड चोळा. थोड्या वेळाने तड्यात राहिलेले डिझेल खडूवर ओली रेघ उमटवते. भोकाच्या आजूबाजूला नीट बघा. पाते तुटते ते बहुधा तिथेच.

तडकलेल्या पात्याला वेल्डिंग मारून घेण्याचा मोह होतो. तो टाळा. पात्याच्या पोलादाला कारखान्यात पाणी दिलेले असते. वेल्डिंगने सांध्याजवळचे पाणी बिघडते, आणि सांधा टिकला तरी पाते सांध्याच्या शेजारी तुटते.

धार : विळ्याची नव्हे, कुऱ्हाडीची

इथे आपली सवय आपल्याला फसवते. धार म्हटले की आपल्याला विळा आठवतो, आणि अंगठ्यावर घासून बघण्याइतकी तीक्ष्ण धार काढावीशी वाटते. या पात्याला तशी धार चालत नाही. पातळ कड पहिल्याच गोट्याला दुमडते किंवा तिचा टवका उडतो. हे पाते कापते ते वेगाने. टोकाचा वेग ताशी १८०-१९० किलोमीटरच्या घरात जातो. त्याला हवी जाड, भक्कम कड, रुपयाच्या नाण्याच्या कडेएवढी. कारखान्याने जो उतार दिला आहे तोच ठेवा. उतार एकाच बाजूला असेल तर त्याच बाजूने घासा, दुसरी बाजू सपाट राहू द्या. खांडा पडला असेल तर तो पुरता जाईपर्यंत पाते खात बसू नका. लहान खांडा राहिला तरी पऱ्हाटी तुटते.

ग्राइंडर टेकवायचा तो थोडा थोडा. पाते हाताला चटका देऊ लागले की खाली ठेवा, दुसरे घ्या. घासताना कडेवर आधी पिवळसर, मग तपकिरी, मग जांभळी आणि शेवटी निळी झाक येते. निळी झाक म्हणजे पोलाद ३०० अंशांच्या आसपास तापले. त्यापुढे गेलात तर कडकपणा उतरू लागतो आणि ते पाते मऊ पडून चार दिवसांत पुन्हा बोथट होते. हे रंग आपल्या गावात फिरणारी घिसाडी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या वाचत आली आहेत. उन्हाळ्यात ती वेशीबाहेर भाता मांडतात, बाई घण घालते, पुरुष सांडशीत पास धरतो, आणि पाणी कधी द्यायचे ते दोघे रंगावरून ठरवतात. ती विद्या आपण फुकटची समजलो. आज पास पाजवायला माणूस मिळेना तेव्हा तिची किंमत कळते आहे.

पण वखराची पास वेगळी आणि हे पाते वेगळे. पास भट्टीत घालून ठोकून वाढवता येते, कारण तिचे वजन थोडे कमी-जास्त झाले तरी बैलांना फरक पडत नाही. श्रेडरचे पाते भट्टीत घालू नका. वाय आकाराच्या बऱ्याच पात्यांना दोन्ही अंगांना धार असते. एक अंग गेले की उलटून लावता येते. आधी ते करून बघा, ग्राइंडर नंतर.

तराजू

आता आजचा मुख्य मुद्दा. बाकी सगळे विसरलात तरी एवढे लक्षात ठेवा.

गोफण फिरवली आहे ना सगळ्यांनी? ज्वारी निसवली की माळ्यावर उभे राहून पाखरांवर गोफण सोडायची. मुठीत मावेल एवढा गोटा, पण गरगर फिरवला की हात खांद्यातून ओढतो. जेवढा वेग वाढेल त्याच्या कितीतरी पट ओढ वाढते. रोटरवर अशा पंचवीस-तीस गोफणी एकदम फिरत असतात. समोरासमोरच्या दोन गोफणींचा ओढा सारखा असेल तर तो एकमेकांत जिरतो. सारखा नसेल तर उरलेला ओढा बेअरिंगवर येतो.

किती येतो? हिशेब करू. समजा समोरासमोरच्या दोन पात्यांत ५० ग्रॅमचा फरक आहे. मधल्या आसापासून त्यांचे वजन २० सेंटिमीटरवर आहे आणि फेरे मिनिटाला २,००० आहेत. उरलेला ओढा होतो सुमारे ४५ किलोचा. ५० ग्रॅम म्हणजे मूठभर शेंगदाणे, आणि तडाखा जवळजवळ अर्ध्या क्विंटलचा! तोही एका दिशेने नाही. सेकंदाला ३३ वेळा सगळीकडून फिरत. असा घण रोज आठ तास बसला तर कोणते बेअरिंग टिकेल? मग आपण म्हणतो, जुने यंत्र, बेअरिंग खाते. बेअरिंग यंत्राने नाही खाल्ले, आपल्या ग्राइंडरने खाल्ले. एका पात्याची धार पाच मिनिटे काढली, दुसऱ्याची पंधरा मिनिटे, आणि वजन कुणी बघितले नाही.

म्हणून धार लावून झाली की पाती घेऊन किराणा दुकानात जा. इलेक्ट्रॉनिक काटा असतोच. नसेल तर साधा तराजू घ्या, एका पारड्यात हे, दुसऱ्यात ते. प्रत्येक पात्याचे वजन वहीत त्याच्या आकड्यासमोर लिहा. मग सारख्या वजनाच्या जोड्या लावा आणि जोडीतली दोन पाती रोटरवर बरोबर समोरासमोर येतील अशी बसवा. पाच-दहा ग्रॅमच्या आत फरक आला की पुरे. जड पाते हलके करायचे तर टोकाकडून थोडे घासा. भोकाजवळ ग्राइंडर नेऊ नका. भंगारातल्या पात्याच्या जागी नवे घ्याल तेव्हा त्याच्या समोरचेही बदला. नव्याच्या समोर झिजलेले म्हणजे पुन्हा तोच घण.

जोडणी आणि चाचणी

नट आवळल्यावर पाते पिनेवर मोकळे झुलले पाहिजे. आवळून ठेवले तर गोटा आल्यावर ते मागे सरकत नाही, तुटते. पिन आणि बुश झिजले असतील तर नवेच घाला. नायलॉनचे लॉकनट एकदा काढले की पुन्हा वापरू नका. चार रुपयांच्या नटासाठी चारशेचे पाते आणि कुणाचा तरी डोळा पणाला लावू नका.

चाचणी मोकळ्या शिवारात घ्या. शंभर पावलांत माणूस नको, गुरू नको. मागची रबरी पट्टी किंवा साखळ्या तुटल्या असतील तर आधी त्या लावा. उडालेला तुकडा अडवायला तेवढेच असते. आधी कमी फेऱ्यांवर, मग हळूहळू पूर्ण. कमी फेऱ्यांवर दोष लपतो : फेरे निम्मे केले की ओढा एकचतुर्थांशच राहतो. पूर्ण वेगावर ट्रॅक्टरच्या सीटला थरथर जाणवली तर थांबवा आणि पुन्हा वही काढा. पहिल्या तासाभराच्या कामानंतर सगळे नट एकदा तपासा.

आणि यंत्र जमिनीला टेकवून चालवू नका. मातीत घासलेले पाते पऱ्हाटीत घासलेल्यापेक्षा कितीतरी लवकर जाते. बुडखा राहतो तो राहू द्या; तो नंतर नांगराने किंवा वखराने उपटून काढायचाच आहे, नाही तर ओल मिळताच तो पुन्हा फुटतो. ज्वारीची धसकटे काढायलाही श्रेडर लावू नका. ती वखराचीच कामगिरी.

माझी चूक

आता जे सांगतो ते सांगायला लाज वाटते, पण सांगितले पाहिजे.

आम्ही सहा जणांनी मिळून एक जुने यंत्र घेतले. तीन पाती गायब होती. मी शहाणपणा केला. जीपच्या कमानपट्ट्याचे तुकडे घरी होते. तेच कापले, भोके पाडली, लाल करून पाण्यात बुडवली आणि बसवली. चेहऱ्याने अगदी पहिल्यासारखी. वजन केले नाही. लाल करून नुसते पाण्यात बुडवलेले पोलाद काचेसारखे ठिसूळ होते, त्याला पुन्हा मंद तापवून पाणी उतरवावे लागते, हे मला ठाऊक नव्हते. ज्याला ठाऊक होते त्याला मी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक पाते भोकापाशी तुटले. रबरी पट्टी फाडून तो तुकडा बांधावरच्या बाभळीत चार बोटे रुतला. त्या बाभळीच्या सावलीत माझा पुतण्या बसला होता. चहा आणायला तो उठून गेला, त्याला दहा मिनिटे झाली होती. भावांनो, त्या संध्याकाळी मी घरात कुणाला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तिन्ही पाती काढली आणि विहिरीजवळ टांगून ठेवली. आजही तिथेच आहेत. मोटर चालू करायला गेलो की रोज दिसतात.

त्यानंतर कारखान्याची पाती आणली, जोडीजोडीने. वही केली. ती वही आता यंत्राच्या अवजारपेटीत असते, आणि सहापैकी कुणीही यंत्र नेले तरी आधी वहीत नोंद, मग किल्ली.

एकट्याने भागत नाही

शेवटचे. काही जण विचारतील, एवढे केल्यावर बोंडअळी संपते का? नाही. खोटे बोलून टाळ्या घेणार नाही. जमिनीच्या भेगेत आणि जिनिंगच्या सरकीत जी अळी राहते तिला श्रेडर पोचत नाही. लांब तुकडे पडले तर त्यातली कवडी बोंडे शाबूत राहतात. म्हणून तर धार. ज्या माउलीला चुलीसाठी पऱ्हाटी लागते तिला नाही म्हणण्याचा अधिकार कुणाला नाही. पण त्यावरची बोंडे झोडून जाळा आणि पाऊस लागण्याआधी ढीग संपवा.

आणि मी माझे शेत स्वच्छ केले, तुमच्या बांधावर ढीग राहिला, तर जूनमधला पतंग सात-बारा बघून उडत नाही. हे काम गावाने एका महिन्यात मिळून केले तरच त्याचा उपयोग. गावात यंत्र एक, शेतकरी शंभर. ते ऐन जानेवारीत बेअरिंग जाऊन पंधरा दिवस गॅरेजात पडले तर निम्म्या गावाची पऱ्हाटी तशीच उभी राहते, मग वैतागून पेटवली जाते किंवा बांधावर जाते. म्हणजे डिसेंबरात न लावलेल्या काट्याचा दंड पुढच्या सप्टेंबरात बोंडात भरावा लागतो.

म्हणून बैठकीतून जाताना तीन गोष्टी ठरवून जा. गावात ज्याच्याकडे श्रेडर आहे त्याने शेवटची वेचणी होण्याआधी पाती काढायची, नंतर नाही. धार लावणाऱ्याशेजारी वही आणि काटा घेऊन एक माणूस बसवायचा. शाळेत जाणारी पोरगी असेल तर उत्तम, तिचे आकडे आपल्यापेक्षा नेटके असतात. आणि घरी पाडलेले, वेल्डिंग मारलेले किंवा भोक मोठे झालेले पाते कुणाच्याही यंत्रावर दिसले तर ते उतरल्याशिवाय ट्रॅक्टर चालू होऊ द्यायचा नाही, मग मालक कितीही जवळचा असो.

बाहेर मंडपाशेजारी आमचे यंत्र उभे आहे. खालून बघायचे असेल त्यांनी या. ठोकळे दिलेले आहेत आणि किल्ली माझ्या खिशात आहे.